‘आर’च्या पाटीचं वर्ष

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. पुण्यात १२ वर्षं गाडी चालवली आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पायाखालचा आहे, आता नोकरीसाठी उत्तर आयर्लंडला यायचंय, तर इथलं लायसन्स मिळाल्यावर लगेच मोटरवेवर गाडी नेता येईल का? नेता येईल. एवढंच लिहून थांबणार होते. पण खाली तुम्ही लिहिलंय की मुलगी दहा वर्षांची आहे, आणि तिथे माझं मन अडकलं.

फी, फॉर्म, थिअरीची परीक्षा हे सगळं सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेलं आहे. तिथे एक गोष्ट ठळक करून कुणी सांगत नाही. आल्यापासून पहिले १२ महिने आपलं भारतातलं लायसन्स इथे चालतं, आणि त्यावर मोटरवेवर ताशी ७० मैलांनी जाता येतं. मग तुम्ही इथली परीक्षा देता, पास होता, आणि त्याच दिवसापासून गाडीला पुढे-मागे ‘आर’ची, म्हणजे ‘रिस्ट्रिक्टेड’ची (नुकताच पास झालेला, निर्बंध असलेला चालक) पाटी लागते. वर्षभर ताशी ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर. आपल्याकडचा अनुभव मोजत नाहीत. ही ४५ची मर्यादा काढणार असल्याचं इथल्या सरकारने जाहीर केलंय, तेव्हा तुमच्या परीक्षेच्या वेळी काय लागू असेल ते बघून घ्या. मी माझ्या वर्षाचं सांगते.

आम्ही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँट्रिमला आलो. आल्या आल्या लायसन्सच्या मागे लागायचं ठरवलं होतं, पण नावावरून घोळ झाला. पासपोर्टवर माझं नाव आणि आडनाव, भारतातल्या लायसन्सवर मध्ये ह्यांचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं. मधलं नाव नवऱ्याचं असतं, ते माझं दुसरं नाव नाही, हे मी तीन पत्रांत समजावून सांगितलं. अर्ज दोनदा परत आला. पासपोर्ट टपालात असताना सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं आणि मला जाता आलं नाही. त्याचा राग अजून आहे. निघायच्या आधी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या, त्यात महिना गेला तरी चालेल.

आता शाळेचं. इथे अकराव्या वर्षी ग्रामर स्कूलसाठी, म्हणजे गुणांवर प्रवेश देणाऱ्या माध्यमिक शाळांसाठी, ट्रान्सफर टेस्ट नावाची प्रवेश परीक्षा असते, नोव्हेंबरमध्ये. आम्ही पोचलो तोवर नोंदणी संपली होती. मुलगा गणितात वर्गाच्या पुढे होता, पण परीक्षाच नाही तर गुण कुठले? जवळच्या शाळेत जागा नव्हती. मिळाली ती बेलफास्टच्या उत्तर भागात, एम२ मोटरवेने वीस-पंचवीस मिनिटांवर. ठीक आहे, म्हटलं, मी सोडीन. एम२ मला सवयीचाच होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची शाळा सुरू झाली आणि त्याच महिन्यात मी परीक्षा पास झाले.

पाटी लावून पहिल्यांदा एम२ला लागले तो दिवस पावसाचा होता. ७०ने धावणाऱ्या रहदारीत ४५ने शिरायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. इथल्या ट्रकना ५६ मैलांवर लॉक असतो, म्हणजे डाव्या लेनमधला ट्रकसुद्धा तुमच्यापेक्षा जोरात येतो. एक जण अगदी मागे येऊन दिवे मारायला लागला. आरशात त्याच्या जाळीशिवाय काही दिसत नव्हतं. बाजूने गेला तेव्हा त्याने उडवलेल्या पाण्यात दोन-तीन सेकंद समोरचं काहीच दिसेना. मुलगा म्हणाला, “आई, मागच्या महिन्यात तू नीट चालवायचीस ना?” टेंपलपॅट्रिकला बाहेर पडले, गाडी बाजूला घेतली, आणि हात स्टिअरिंगवरून निघेनात.

जुना ए६ रस्ता आहे, पण त्याला प्रत्येक दिशेला एकच लेन. मागे वीस गाड्यांची रांग लागायची आणि मला त्या रांगेची लाज वाटायची. ह्यांची नोकरी बॅलीमेनाला, उलट्या दिशेला. मग मी मुलाला सांगितलं, तू बसनेच जा. दोन बस बदलून. हिवाळ्यात सात वाजता घरातून निघायचा तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असायचा. जाकिटावर चमकती पट्टी लावून द्यायचे आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत उभी राहायचे. गाडी दारात उभी. त्याने एकदाही तक्रार केली नाही. केली असती तर मी त्याला सोडायला गेले असते, असं स्वतःला सांगत मी ते वर्ष काढलं. खरं म्हणजे त्याने सांगायची वाट बघायलाच नको होती.

म्हणून सांगते, ४५चा नियम असेल तर घाबरू नका आणि लाजू नका. डाव्या लेनमध्येच राहा, वेग एकसारखा ठेवा, मागचा दिवे मारतोय म्हणून वाढवू नका आणि ब्रेकही मारू नका. त्याला पुढे जायला उजव्या लेन आहेत. पहिल्या चार-पाच फेऱ्या रविवारी सकाळी करा. मॅग्नेटची पाटी प्लॅस्टिकच्या भागावर धरत नाही, माझी दुसऱ्याच दिवशी पडली. आणि फोन बॅगेत, बॅग मागच्या सीटवर. फोन हातात धरलेला दिसला तर २०० पाउंड आणि ६ पॉइंट. पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, पुन्हा ‘एल’पासून सुरुवात. माझी आई नेमकी माझ्या निघायच्या वेळेला फोन करायची. तिला वेळ बदलायला सांगितली, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

विम्याचं विचारलंत. पुण्यातला नो क्लेम बोनस आमच्या कंपनीने धरला नाही, पहिल्या वर्षाला जास्तीचे पैसे बाजूला ठेवा. एकटेपणाचंही विचारलंत. कामाला लागलं की कमी होतो, त्यावर मला फार लिहायचं नाही.

मुलीची इयत्ता आणि तुमची यायची तारीख मात्र आजच कळवा. ट्रान्सफर टेस्टची नोंदणी आदल्या उन्हाळ्यातच होते, तिकडून करता येते का ते मी इथे विचारून ठेवते. गाडीचं नंतर बोलू.