एमव्हीआर, मोड आणि गोडाऊनला एक फोन : वाचकांचे प्रश्न

सीझन सुरू झाला की मला रोज तेच मेसेज येतात. ताई, फाईल इंपोर्ट केली पण स्टेज गायब आहे, ताई लाईट भलतीकडे बघतायत, ताई क्यू आलेच नाहीत. म्हणून या वेळी प्रश्न एकत्रच घेतलेत. मी मुंबईत प्रीव्हिझ करते, म्हणजे शोचे लाईट आधी कॉम्प्युटरवर थ्रीडीत मांडून बघते, नाटकाचं पण आणि लग्न-कॉन्सर्टचं पण, त्यामुळे उत्तरं इथले हॉल आणि इथली लाईट भाड्याने देणारी गोडाऊन डोळ्यासमोर ठेवून दिलीयत.

प्रश्न : डिझायनरने व्हेक्टरवर्क्समधून एमव्हीआर पाठवलंय. ते कॅप्चरमध्ये टाकलं की क्यू पण येतील ना? (परळ)

नाही. व्हेक्टरवर्क्समध्ये ड्रॉइंग होतं, कॅप्चर हा ते लाईट लावून थ्रीडीत दाखवणारा व्हिज्युअलायझर, आणि एमव्हीआर ही लाईटची मांडणी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेणारी फाईल. क्यू, म्हणजे शोमध्ये लाईट कधी काय करणार त्याच्या ठरलेल्या पायऱ्या, कन्सोलच्या (लाईट चालवायच्या बोर्डच्या) शो फाईलमध्ये असतात, एमव्हीआरमध्ये नाही. शो फाईल कन्सोलवर बसणाऱ्या प्रोग्रॅमरकडे मागा.

प्रश्न : एमव्हीआर आणि जीडीटीएफ एकच ना? आमच्याकडे दोन्ही नावं सरसकट वापरतात. (डोंबिवली)

एक नाही. जीडीटीएफ म्हणजे एका लाईटची कुंडली समजा : त्याचे मोड (तो किती चॅनलवर चालतो ते; लाईटच्या एकेका कामाला एकेक चॅनल), कुठल्या चॅनलवर काय, पॅन-टिल्ट (आडवं-उभं वळणं) किती डिग्री, गोबो (नक्षीच्या चकत्या) कुठले, बॉडीचं थ्रीडी मॉडेल. एमव्हीआर म्हणजे पूर्ण रिग : कुठला लाईट कुठे टांगलाय, त्याचा नंबर, मोड, पत्ता (त्याचा पहिला चॅनल कितवा ते), ट्रस (लाईट टांगायची धातूची चौकट), सेट. त्या एमव्हीआरच्या पोटातच सगळ्या लाईटच्या जीडीटीएफ फाईली असतात. दोन्ही आतून साध्या झिप फाईली आहेत, कॉपी काढून एक्स्टेन्शन बदललं की उघडून बघता येतं आत काय आलंय ते. जीडीटीएफ एमए लायटिंग, रोबे आणि व्हेक्टरवर्क्स या कंपन्यांनी मिळून आणलं आणि २०२० मध्ये ते जर्मन मानक संस्थेकडून डिन स्पेक १५८०० म्हणून छापलं गेलं, म्हणजे हे कुणा एका कंपनीच्या मालकीचं गुपित नाहीये, त्यामुळे "आमच्याच सॉफ्टवेअरला जमतं" असं कोणी विकायला आलं तर त्याला सरळ डेमो मागा, तुमच्याच फाईलवर.

प्रश्न : जुनी फाईल विझीविगची आहे, मला ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हवीय. एक जण "डायरेक्ट कन्व्हर्ट" करून देतो म्हणतोय, पैसे बरेच सांगितलेत. देऊ का? (वसई)

देऊ नका, निदान आधी तरी नको. एका प्रोग्रॅमची स्वतःची फाईल दुसऱ्यात सहसा थेट उघडत नाही, कोणाला तरी मूळ प्रोग्रॅममध्ये ती उघडून एक्स्पोर्ट करावी लागते आणि ते काम ज्याने फाईल बनवली त्याच्याकडे पाच-दहा मिनिटांचं आहे. आधी त्याला फोन करा. तो माणूस आता सापडतच नसेल तर मग पैसे देण्याआधी लेखी विचारा की पॅच (कुठल्या लाईटला कुठला पत्ता), पोझिशन आणि फिक्स्चरचा, म्हणजे लाईटचा, मोड यातलं काय काय येणार, कारण बऱ्याचदा "कन्व्हर्ट" म्हणजे बघून बघून परत काढलेलं असतं आणि त्यात झालेल्या चुका तुम्हाला ग्राउंडवर कळतात. आणि पेनड्राइव्हवर क्रॅक सॉफ्टवेअर आणि "फुल लायब्ररी" (लाईटच्या तयार फाईलींचा साठा) विकणाऱ्यांपासून लांब राहा. ती लायब्ररी कोणी बनवली, कधीची आहे, काही पत्ता नसतो. विद्यार्थी असाल तर व्हेक्टरवर्क्सचं एज्युकेशन लायसन्स अधिकृतपणे मिळतं, ते घ्या.

प्रश्न : हॉलचा डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडचा नकाशा) टाकला तर स्टेज मुंगीएवढं दिसतं. दुसऱ्या एका फाईलमध्ये तर काहीच दिसत नाही. (मुलुंड)

पहिलं युनिटचं. आपल्याकडे डेकोरेटर फुटात बोलतो, आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये काढतो, आणि इंपोर्ट करताना प्रोग्रॅमने विचारलेलं युनिट न वाचता ओके दाबलं जातं. मिलिमीटरला इंच समजलं की २५.४ पट मोठं, मीटरला मिलिमीटर समजलं की हजार पट लहान. इंपोर्ट झाल्या झाल्या एक माहीत असलेलं माप मोजा, स्टेजचं ४० फुटाचं ओपनिंग असेल तर १२.१९ मीटर यायला हवं. दुसऱ्या फाईलमध्ये बहुतेक ड्रॉइंग ओरिजिनपासून (शून्य बिंदूपासून) खूप लांब काढलेलं असणार, इमारतीच्या सर्व्हेच्या नकाशात असं होतं. झूम टू ऑल करून बघा, सापडलं तर स्टेजचा मधला पुढचा बिंदू शून्यावर आणून मगच पुढचं काम करा. आणि प्रेक्षागृहातल्या सगळ्या खुर्च्या मॉडेलमध्ये ठेवू नका, लॅपटॉप रडतो. नकाशा जुना असेल तर हॉलच्या इलेक्ट्रिशियनला एकदा विचाराच, लाईट टांगायचे बार हलवलेले असतात आणि कागदावर कोणी बदलत नाही.

प्रश्न : आम्हाला भाड्याने मिळणारा बीम (बारीक झोताचा फिरता लाईट) लोकल आहे, लायब्ररीत नाव नाही. सगळे म्हणतात शार्पी टाक, सगळे बीम सारखेच. चालेल ना? (गोरेगाव)

नाही चालणार. हे "सगळे सारखेच" ऐकून ऐकून मी खरंच कंटाळलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुंबईत कुठल्याही बीमला शार्पीच म्हणतात, पण शार्पी हे क्ले पाकीचं एक ठरावीक मॉडेल आहे, स्टँडर्ड मोडमध्ये १६ चॅनल आणि व्हेक्टर मोडमध्ये २०. तुमच्या गोडाऊनमधला बीम दिसायला तसाच असेल, पण कुठे पहिला चॅनल कलर असतो, कुठे पहिलाच पॅन. एकाच गोडाऊनमध्ये एकाच बॉडीच्या दोन लॉटमध्ये बोर्ड वेगळे निघालेले मी स्वतः बघितलेत.

आता हिशोब बघा. एका युनिवर्समध्ये, म्हणजे कंट्रोलच्या एका लाईनमध्ये, ५१२ चॅनल. १६ चॅनलचे ३२ लाईट त्यात चपखल बसतात, २० चॅनलचे फक्त २५. फाईल २० वर बनवलीय तर पत्ते १, २१, ४१ असे जातात, आणि गोडाऊनच्या पोराने सवयीने १६ वर लावले की १, १७, ३३. पहिला लाईट थोडाफार बरोबर वागतो, म्हणून सगळ्यांना वाटतं जुळलं. दुसऱ्या लाईटपासून सगळं घसरतं. अनेक १६ चॅनलच्या बीममध्ये शेवटचे दोन चॅनल रिसेट आणि लॅम्पचे असतात, म्हणजे दुसऱ्या लाईटचे ३१ आणि ३२, आणि तुमच्या फाईलप्रमाणे तिथे दुसऱ्या लाईटचा अकरावा-बारावा चॅनल जातोय, जो पॅन-टिल्टचा असू शकतो. म्हणजे तुम्ही लाईट हलवायला जाता आणि तो रिसेट मारतो किंवा लॅम्प बंद करतो, आणि डिस्चार्ज लॅम्प एकदा गेला की थंड झाल्याशिवाय परत पेटत नाही. गाणं तोपर्यंत संपलेलं असतं.

एका ओपन ग्राउंडच्या शोला ४८ बीम होते, फाईल २० चॅनलची, माल आला १६ चा, आणि त्यातले काही वेगळ्याच लॉटचे. फाईलमध्ये २६ वा लाईट दुसऱ्या युनिवर्सवर जात होता, ग्राउंडवर ३३ वा. आम्ही दुपारभर ट्रसखाली उभे राहून एकेका लाईटचा मेनू बघत होतो आणि फोकस करायला वेळच उरला नाही. डिझायनरने तीन आठवडे बसून केलेलं काम होतं ते, त्या दिवशी ते कोणाला दिसलंच नाही, मला अजून वाईट वाटतं.

आणि चॅनल जुळले तरी पॅनची रेंज राहतेच. लायब्ररीत ५४० डिग्री आणि खरा लाईट ६३० चा असेल तर मधोमध दोघे सारखे दिसतात, पण ७५ टक्क्यांवर एक मध्यापासून १३५ डिग्री वळलेला असतो आणि दुसरा १५७ च्या पुढे. तुम्ही घरी बसून बनवलेल्या सगळ्या पोझिशन प्रेक्षकांच्या डोक्यावर किंवा विंगेत.

त्यामुळे ड्रॉइंग सुरू करायच्या आधी गोडाऊनला फोन करा, मॉडेलचं नाव नको, मेनूमधल्या मोडचा फोटो मागा, प्रत्येक लॉटमधल्या एका लाईटचा. शक्य असेल तर जाऊनच या, एक लाईट चालू करा, कन्सोलवरून एकेक चॅनल वर करा, काय होतं ते वहीत लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे. मग त्यावरून जीडीटीएफ बिल्डरमध्ये फाईल बनवा, ते फुकट आहे. जीडीटीएफ शेअर या वेबसाइटवरून तयार घेतलीत तर ती उत्पादकाने टाकलीय की कोणा वापरणाऱ्याने हे आधी बघा, दुसरी असेल तर एकेक चॅनल तपासल्याशिवाय वापरू नका. आणि हे सगळं प्रोग्रॅमरला दाखवून त्याची मान्यता घ्या, कारण शोला कन्सोलवर तो बसणार आहे.

प्रश्न : कॅप्चरमध्ये तिसऱ्या युनिवर्सचे लाईट लागतच नाहीत, फाईल करप्ट आहे का? (गिरगाव)

लायसन्स बघा. सोलो, ड्युएट, क्वार्टेट अशा लायसन्सप्रमाणे किती युनिवर्स मिळणार ते ठरलेलं असतं.

प्रश्न : सगळा पॅच एक युनिवर्स पुढे सरकलाय. (ठाणे)

आर्टनेट आणि एसएसीएन या नेटवर्कवरून लाईटचे सिग्नल पाठवायच्या दोन पद्धती. युनिवर्स आर्टनेट शून्यापासून मोजतं, एसएसीएन एकपासून. काही प्रोग्रॅम आर्टनेटला पण एकपासून दाखवतात. फाईलमधला पॅच बदलू नका, नेटवर्क सेटिंगमध्ये जुळवा, आणि कन्सोलवाल्याशी बोलून एकाच बाजूने बदला, दोघांनी बदललं की परत तेच.

प्रश्न : डिझायनरने सुधारित एमव्हीआर पाठवलं, टाकलं तर सगळे लाईट डबल झाले. (दादर)

प्रत्येक लाईटला एमव्हीआरमध्ये एक यूयूआयडी (स्वतःचा वेगळा ओळख नंबर) असतो, त्यावरून प्रोग्रॅम ओळखतो की हा जुनाच लाईट आहे. तुम्ही अपडेट किंवा मर्जऐवजी नवीन म्हणून टाकलंत, किंवा डिझायनरने जुने लाईट डिलीट करून कॉपी-पेस्ट केले तर आयडी बदलतात आणि डबल होतं. आधी तुमच्या फाईलचा बॅकअप, मग मर्ज. आणि डिझायनरला सांगा लाईट हलवा, उडवून परत टाकू नका.

प्रश्न : व्हिज्युअलायझरमध्ये एका ट्रसवर २४ बीम टांगले, काही वॉर्निंग आली नाही. म्हणजे लोड ठीक आहे ना? (अंधेरी)

अजिबात नाही. चित्रातला ट्रस कधीच वाकत नाही. मूळ शार्पी १६ किलोचा, २४ चे झाले ३८४ किलो, त्यावर क्लॅम्प, केबल, ट्रसचं स्वतःचं वजन. व्हेक्टरवर्क्सचं ब्रेसवर्क्स लोड काढतं, पण तेही बरोबर ट्रसचा डेटा दिला तरच. रिगरला (ट्रस टांगणाऱ्याला) आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक पण लाईट चढवू नका, त्याखाली माणसं उभी असतात.

प्रश्न : फाईल आज रात्री मिळाली, शो उद्या संध्याकाळी. व्हर्जन नवीन आहे, आमच्याकडे उघडत नाही. काय करू? (विलेपार्ले)

हा प्रश्न आठवड्याआधी विचारायचा असतो, खरंच. नवीन व्हेक्टरवर्क्सची फाईल जुन्यात उघडत नाही, डिझायनरला आत्ता फोन करून जुन्या व्हर्जनमध्ये एक्स्पोर्ट मागा, सोबत एमव्हीआर आणि पॅचची पीडीएफ पण. ते आलं की रात्री रेंडर करत बसू नका. पीडीएफवरून फक्त मोड आणि पत्ते गोडाऊनशी जुळवून घ्या, आणि सकाळी हॉलवर पहिला लाईट चढायच्या आधी प्रोग्रॅमरबरोबर बसून एकेक पत्ता मोठ्याने वाचा.