'क्र्यू' म्हणजे वाण की प्रत?

प्रश्न असा: फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या वाईनच्या बाटलीवर 'ग्रां क्र्यू क्लासे' लिहिलेलं असतं. फ्रेंच कोशात 'क्र्यू'चा अर्थ 'कच्चा' मिळतो, तो इथे बसत नाही. मग मराठीत 'वाण' म्हणावं की 'प्रत'?

'कच्चा' अर्थाचा शब्द निराळा, लॅटिन 'क्रुदुस'वरून आलेला. दोघांचं लेखन सारखं, एवढंच. वाईनचा 'क्र्यू' निघाला 'उगवणे, वाढणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. जे उगवलं ते, आणि मग जिथे उगवलं ती जागा. त्यामुळे 'वाण' बाद. वाण म्हणजे काबेर्ने सोव्हिन्यों, मेर्लो. नाशिकचा बागायतदारसुद्धा 'थॉमसन' हे वाणाचं नाव म्हणूनच घेतो, बागेचं म्हणून नाही.

'प्रत' सुचते ती बोर्दोमुळे. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिथल्या व्यापारी मंडळाने वाईनच्या दलालांकडून यादी मागवली. दलालांनी ती लावली बाजारभावावरून. ज्याला वर्षानुवर्षं भाव जास्त, तो वर. तांबड्या वाईनचे पाच वर्ग झाले, सगळे शातो (म्हणजे वाईन बनवणारे मळे) बोर्दोतल्या मेदोक भागातले, अपवाद फक्त ग्राव्ह भागातल्या ओ-ब्रियोंचा. सोतेर्न-बार्साक भागातल्या गोड पांढऱ्या वाईनची यादी वेगळी, तिच्या डोक्यावर एकटा शातो इकेम. इथे मान शातोच्या नावाला आहे. त्याने त्याच हद्दीतली शेजारची बाग विकत घेतली, तर तिची द्राक्षंही त्याच मानात जातात! वर्ग बदलून मिळालेला एकच, मूतों-रोथशिल्ड: 1973 मध्ये, जाक शिराक कृषिमंत्री असताना, दुसऱ्यातून पहिल्यात. पाचव्या वर्गातला लिंच-बाज आज दुसऱ्या वर्गातल्या कित्येकांपेक्षा महाग विकला जातो, पण यादीत पाचवाच. भावावरून केलेली यादी भाव बदलले तरी हलत नाही, ही गंमत मला फार आवडते.

फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशात मात्र क्र्यू म्हणजे जमिनीचा तुकडाच. क्लो द व्हूजो ही साधारण 50 हेक्टरची बाग आज 80 च्या आसपास मालकांत वाटलेली आहे. मान बागेला, त्यामुळे तो सगळ्यांना. शिवाय तिथे 'प्रेमिए क्र्यू' हा 'ग्रां क्र्यू'च्या खालचा दर्जा. म्हणजे 'प्रेमिए'चं 'पहिल्या प्रतीची' हे भाषांतर बोर्दोत चालेल, बर्गंडीत साफ चुकेल. बोजोले प्रदेशात तर मॉर्गों, फ्लरी अशी गावं क्र्यू म्हणवतात.

म्हणून 'क्र्यू' तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे त्या प्रदेशापुरता अर्थ द्यावा. 'क्रू' लिहू नये, विमानातली मंडळी आठवतात. आणि बोर्दोतल्याच सेंत-एमिलियोंच्या बाटलीवर नुसतं 'ग्रां क्र्यू' दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते तिथल्या एका उत्पादन-नामाचा, म्हणजे प्रदेशावरून दिलेल्या कायदेशीर नावाचा, भाग आहे. वर्गवारीतला मान हवा तर पुढे 'क्लासे' पाहिजे.