फायटरला फिल्टर हवा का?

प्रश्न : मुलीने हट्टाने फायटर मासा आणलाय. दुकानदार म्हणाला, बरणीत ठेवा, फिल्टर लागत नाही. खरं का?

उत्तर : फायटर वर येऊन हवा घेतो, म्हणून बरणीत तग धरतो, इतकंच. त्याच्या विष्ठेतून, उरलेल्या दाण्यांतून अमोनिया हा विषारी पदार्थ साचत जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. माझा पहिला फायटर असाच गेला. पाणी काचेसारखं नितळ होतं, कल्ले मात्र लालभडक. अजून वाईट वाटतं. किमान २० लिटरची टाकी घ्या आणि पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. बुडबुडे अगदी मंद ठेवा. जोराच्या प्रवाहात त्याचे लांब पर त्यालाच ओढतात, बिचारा दमतो. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, कारण नळाच्या क्लोरीनने त्यातले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू मरतात.