'गावठाण प्लॉट'मधली गाळलेली विभक्ती

प्रश्न असा आला आहे: जमिनीच्या जाहिरातींत 'गावठाण प्लॉट' आणि 'गावठाणापासून २०० मीटरच्या आत' असं लिहिलेलं असतं, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'गावठाण विस्तार' असतो, आणि जुनी माणसं 'पांढरी' म्हणतात. हे सगळं एकच का? शिवाय 'तो गावठाण' की 'ते गावठाण'?

लिंगाचं लगेच सांगून टाकतो: ते गावठाण. संस्कृत 'स्थान'चं प्राकृतात 'ठाण' झालं आणि मराठीत ते नपुंसकलिंगीच राहिलं. घोड्याचं ठाण, ठाण मांडून बसणं, अकोले तालुक्यातलं देवठाण, ठाणं आणि ठाणेदार ही सगळी याच घरची मंडळी. सामान्यरूप 'गावठाणा-', त्यामुळे लिहिताना 'गावठाणची हद्द' नको, 'गावठाणाची हद्द' हवं. काही भागांत 'गावठान' ऐकू येतं. बोलण्यात त्याला काहीच हरकत नाही, अर्जात मात्र 'ण' लिहावा.

पांढरी हा शब्द मातीवरून आलेला. पिढ्यानपिढ्या मातीची घरं पडली, पुन्हा उभी राहिली; राख, शेण, केरकचरा साचत गेला आणि वस्तीखालची माती पांढुरकी झाली. कसायची ती काळी, राहायची ती पांढरी. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या पुरातत्त्वज्ञांना मिळाल्या त्या अशाच पांढरीच्या टेकाडांत, आणि धाब्याच्या घरांवर पसरायला लोक माती आणतात तीही तिथलीच. मध्य प्रांतात 'पांढरी' नावाचा एक करही होता. तो शेती न करणाऱ्यांच्या उत्पन्नावर बसायचा. म्हणजे या शब्दात माती आहे, वस्ती आहे आणि वस्तीतली माणसंही आहेत. फक्त हद्द नाही.

गावठाण म्हणजे नेमकी ती हद्द. बोलीत आपण 'गावठाणात राहतो' असं सैलपणे म्हणतो, पण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये गावठाण म्हणजे कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या रेषेच्या आतली जमीन. आत घरं आहेत की नाहीत, याच्याशी त्या रेषेला देणंघेणं नाही. बेचिराख गावात एक भिंत उभी नसली तरी नकाशावर गावठाण असू शकतं, आणि शंभर उंबऱ्यांच्या भरल्या वाडीला स्वतःचं गावठाण नसू शकतं. कोकणात घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली असल्याने तिथे या शब्दाची फारच ओढाताण होते.

शीव आणि गावठाणाची हद्द यांचीही सर्रास गल्लत होते. शीव ही सगळ्या शिवाराची, म्हणजे दोन गावांमधली. गावठाण हा त्या शिवारातला एक लहानसा तुकडा. गावनकाशात चहूबाजूंनी गट नंबर आणि मध्ये नंबर नसलेला एक ठिपका दिसतो ना, तेच. कोणी 'हद्दीला लागून जमीन' म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठली हद्द?

आता ते २०० मीटर. अधिनियमात नंतर घातलेल्या कलम ४२-ड मधून (शेतजमीन राहत्या घरांसाठी बिनशेती मानण्याचं कलम) हा आकडा जाहिरातींत आला. ते घातलं तेव्हा तिथे अटी दोन होत्या. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत हवी, आणि प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य विभागात दाखवलेली हवी. जाहिरातीत पहिली अट ठळक असते, दुसरी गायब. ती तपासायला नगररचना कार्यालयाचा झोन दाखला लागतो. पहिल्या अटीतही अंतर मोजतात ते शेवटच्या घरापासून, शाळेपासून, नाहीतर वेशीपासून. चूक. वस्ती गावठाणाबाहेर पसरलेली असेल तर शेवटचं घरच रेषेपलीकडे दीडशे मीटरवर असतं, आणि तिथून मोजलेले २०० मीटर प्रत्यक्षात साडेतीनशे होतात. हद्द दाखवतं ते भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातलं रेकॉर्ड. तिथून नकाशाची नक्कल घ्यावी आणि शंका असेल तर मोजणी मागावी.

'गावठाण प्लॉट' या जोडशब्दाची खरी खोड इथेच आहे. त्यात विभक्ती गाळली आहे. गावठाणातला प्लॉट, गावठाणालगतचा प्लॉट आणि गावठाणापासून २०० मीटरवरचा प्लॉट या तीन वेगळ्या वस्तू आहेत. '-तला' असेल तर ती घरजागा सहसा शेतजमीन म्हणून नोंदलेलीच नसते, त्यामुळे बिनशेतीचा प्रश्न येत नाही. बांधकाम परवानगीचा येतोच. '-लगतचा' म्हटल्यावर ती जमीन बाहेरची हे त्या शब्दानेच कबूल केलेलं असतं, मग ती हद्दीला चिकटून का असेना. एक साधी कसोटी आहे. जुन्या गावठाणातल्या जागेला सहसा सातबारा नसतो. नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. तेव्हा 'गावठाण प्लॉट' म्हणून कोणी सातबारा पुढे केला, तर तो बहुधा बाहेरचा आहे असं समजून पुढचं विचारावं.

कागदांच्या नावांतही असाच सापळा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद, तर तलाठ्याकडचा ८-अ हा जमिनीचा खातेउतारा. दोघांनाही लोक 'आठचा उतारा' म्हणतात. नमुना ८ वर नाव चढलं म्हणजे जागा नावावर झाली असं समजणारे पुढे अडकतात, कारण तो उतारा कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो.

'गावठाण विस्तार'मधला विस्तारही वस्तीचा नाही, रेषेचा. ग्रामसभेने ठराव केला म्हणून गावठाण वाढत नाही. ठराव ही मागणी, हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. घरं मात्र रेषेची वाट पाहत थांबत नाहीत. नवी मुंबईत गावठाणांबाहेर वाढलेल्या अशा बांधकामांसाठी 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्दप्रयोग रुळला आणि सरकारी कागदांतही गेला. 'अनधिकृत'च्या जागी 'गरजेपोटी' आणणाऱ्याला मराठीची नस नेमकी कळली होती.

जाता जाता 'बिनशेती'च्या सरकारी जोडीदाराबद्दल. 'अकृषिक' आणि 'अकृषक' दोन्ही छापलेले दिसतात. कृषक म्हणजे शेतकरी, म्हणून अकृषक म्हणजे शेतकरी नसलेला माणूस. जमिनीला अकृषिकच म्हणावं, नाहीतर सरळ बिनशेती.