स्टिअरिंगच्या डावीकडून : चक्का, धक्का आणि ‘कुठपर्यंत आलास?’

या महिन्याच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं गाडीतल्या स्क्रीनची आणि फोनची निघाली. क्लचबद्दल विचारायचं लोकांनी सोडूनच दिलंय. नव्या वाचकांसाठी सांगते, कोथरूडमध्ये मी सव्वीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. म्हणजे सव्वीस वर्षं डावीकडच्या सीटवर बसून, पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक घेऊन, पुणं बघितलं. उत्तरंही तिथूनच देते.

प्रश्न : ताई, दिवाळीत नवी गाडी घेतली. सव्वादहा इंची टचस्क्रीन आहे, फोन वायरशिवाय जोडला जातो. रोज वारजे ते हिंजवडी जातो. मेसेज आला की गाडीच वाचून दाखवते आणि मी बोलून उत्तर देतो. हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. तरी बायको शेजारी असली की कटकट करते. हँड्सफ्री कायद्यात बसतं ना? मग चुकतंय कुठे?
— एक वाचक, वारजे

कायद्याचं आधी उरकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, गाडी चालवताना ‘हातात धरायचं’ संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरवलंय. पहिल्या खेपेला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता बघण्यापुरता फोन वापरायची सूट मिळाली, तीही लक्ष विचलित होणार नसेल तर. तुमचा फोन खिशात, म्हणजे ‘हातात धरायचं’ या शब्दांत तुम्ही सापडत नाही. झालं कायद्याचं.

आता गाडीचं. शिकाऊ माणसाचं लक्ष उडालं की मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आधी त्याचा ॲक्सिलरेटरवरचा पाय ढिला पडतो. गाडी चाळीसवरून तिसावर येते आणि त्याला पत्ता नसतो. मग आरशात बघणं थांबतं. नजर समोरच असते हो, पण ती काचेवर अडकलेली. एकदा पौड रोडवर एका इंजिनिअर विद्यार्थ्याला मी मुद्दाम विचारलं, “सतरा साते किती?” त्याने “एकशे एकोणीस” असं बरोब्बर सांगितलं आणि लाल सिग्नलमधून तो सरळ निघाला. पाय माझा होता म्हणून गाडी थांबली. त्याचेही दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर.

हे फक्त माझं निरीक्षण असतं तर तुम्ही ‘बाई जुन्या वळणाची आहे’ म्हणून सोडून दिलं असतंत. पण १९९७ साली टोरांटोतल्या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना धडकण्याचा धोका साधारण चौपट निघाला आणि हँड्सफ्रीवाल्यांना त्यात काही सवलत मिळालेली दिसली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या मंडळींनी गाडीला तोंडी हुकूम देण्याचा अभ्यास केला. हुकूम देऊन झाल्यावरही मन पुरतं रस्त्यावर परतायला काही यंत्रणांमध्ये २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. चाळीसच्या वेगाने २७ सेकंदांत गाडी ३०० मीटर जाते. ‘मीटिंगला दहा मिनिटं उशीर होतोय’ एवढं बोलून तुम्ही मोकळे झालात असं तुम्हाला वाटतं. मन मात्र पुढचे ३०० मीटर त्या मीटिंगमध्येच बसलेलं असतं. आणि तुमच्या रस्त्यावर, चांदणी चौक ते वाकड, ३०० मीटरमध्ये सर्व्हिस रोडवरून किती दुचाकी आत घुसतात ते तुम्ही रोज मोजू शकता.

बायकोच्या कटकटीबद्दल. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं आणि फोनवरचं बोलणं एक नाही. घाटात मागून एसटी चढून आली की आमचे हे बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबतात, ती पुढे गेली की राहिलेलं अर्धं पूर्ण करतात. त्यांना ते माहीतही नाही. फोनवरच्या माणसाला एसटी दिसत नाही, तो बोलतच राहतो. तेव्हा बायको बोलली तर चालेल. शिवाय ती बरोबर बोलतेय.

टचस्क्रीनची गोष्ट वेगळी आणि मला तिचा जास्त राग आहे. मी मारुती ८०० वर शिकवायला सुरुवात केली. तिच्या ब्लोअरची दांडी अंधारात, पावसात, झोपेतसुद्धा हाताला सापडायची. आता काचेवर वाफ धरली की आधी स्क्रीनवर पंख्याचं चित्र शोधा, मग त्याच्या पोटातलं दुसरं चित्र शोधा. गुळगुळीत काचेवर बोटाला कळणार काय? २०२२ मध्ये एका स्वीडिश मोटार मासिकाने ११० च्या वेगात चालकांना एसी, रेडिओ अशी साधी चार कामं करायला लावली. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या टचस्क्रीनच्या गाडीत ४४.९ सेकंद लागले. गाडी १,३७२ मीटर पुढे! युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने आता २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताला लागेल अशी वेगळी बटणं नसतील तर पाच तारे अवघड करून ठेवलेत. बटणं परत येतायत. मारुती ८०० परत आली नाही तरी चालेल.

आता माझीच फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. चार वर्षांपूर्वी श्रीखंडाचा बेत होता. स्कूलची गाडी, आत मी एकटी, कर्वे रोडवर संध्याकाळची साडेसहा-सातची वेळ. मुलीला मेसेज पाठवायचा म्हणून फोनला बोलून सांगितलं, “दोन लिटर दूध आणि अर्धा किलो चक्का.” त्याने नीट लिहिलंय ना, म्हणून एक नजर टाकली. लिहिलं होतं, ‘दोन लिटर दूध आणि अर्धा किलो धक्का’. मला हसू आलं. हसू ओसरायच्या आत पुढची रिक्षा स्पीडब्रेकरला थांबली होती आणि अर्धा किलो धक्का तिला पोचला होता. वेग फार नव्हता, रिक्षाचा मागचा बंपर तेवढा वाकला. रिक्षावाले काका उतरले, वाकलेल्या बंपरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या टपावरची पाटी सावकाश वाचली आणि म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही शिकवता?”

पंधराशे रुपये दिले. ती पाटी त्यांनी ज्या सुरात वाचली तो सूर अजून कानात आहे.

तर, करायचं काय. निघण्याआधी, गाडी पार्किंगमध्येच असताना रस्ता लावा, एसी लावा, गाणी लावा. मेसेज वाचून दाखवायची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग फोकस’ आहे, तो ‘मी गाडी चालवतोय’ असं उत्तर आपण होऊन पाठवतो. अँड्रॉइडवर निदान ‘डू नॉट डिस्टर्ब’ तरी लावा. मेसेज खरंच तातडीचा असेल तर पेट्रोल पंपात गाडी घ्या. बायपासच्या कडेला, चार इंडिकेटर लावून, मुळीच थांबू नका.

प्रश्न : माझा मुलगा दर शुक्रवारी मुंबईहून स्वतः गाडी चालवत येतो. एक्स्प्रेसवेवर आहे म्हटलं की माझा जीव थाऱ्यावर नसतो, म्हणून दर अर्ध्या तासाने ‘कुठपर्यंत आलास’ विचारायला फोन करते. तो उचलतो. सून म्हणते, तुमच्या फोनमुळेच काहीतरी व्हायचं. मला फार लागलं. आईने काळजीही करायची नाही का?
— एक आई, सहकारनगर

काळजी करा. फोन करू नका. सुनेचं बोलणं लागलं हे समजू शकते, पण या बाबतीत मी तिच्या बाजूने आहे.

एक्स्प्रेसवेवर सपाट भागात कारला शंभरची मर्यादा आहे. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. फोन वाजला, त्याने कुणाचा म्हणून दोन सेकंद बघितलं, की ५६ मीटर आंधळे गेले. ‘आई’ असं नाव बघून तो उचलणारच, तुम्ही त्याला तसंच वाढवलंय. गाडीतला फोन वाजतो तो कुणीतरी घरून किंवा ऑफिसातून लावलेला असतो, हे आपण सगळेच विसरतो. माझ्याकडे शिकून गेलेली शहाणी-सुरती मुलं फोन उचलतात ती हौसेने नाही. ‘उचलला का नाहीस?’ हे नंतर ऐकायचं नसतं म्हणून.

उपाय सोपा आहे. निघताना त्याला व्हॉट्सॲपवर तुम्हाला लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगा. पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय येतात, त्याने आठ तासांचा निवडावा. मग तुम्ही सोफ्यावर बसून त्याचा ठिपका खोपोली, घाट, लोणावळा करत येताना बघा. ठिपका मध्येच थांबलेला दिसला तर घाबरू नका, घाटात रेंज जाते किंवा ट्रॅफिक असतं. त्याने फूड मॉलला थांबून, चहा हातात घेऊन एकदा फोन करायचा, एवढं ठरवून टाका. आणि एक सांगू? ठिपका बघायला लागल्यावर पहिल्या शुक्रवारी तुम्ही रात्रीचा स्वयंपाक करपवाल. दुसऱ्यापासून सवय होते.

प्रश्न : माझ्या आठ वर्षं जुन्या गाडीत नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घ्यायचाय. नाना पेठेत एका दुकानात म्हणाले, चालू गाडीतही व्हिडिओ दिसेल असं ‘फुकट’ करून देतो. करून घेऊ का? मागे मुलांना दिसेल.
— एक वाचक, धनकवडी

ते फुकट काय करतात ते आधी ऐका. स्टिरिओमागे एक बारकी वायर असते, ती हँडब्रेकला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असला तरच समोर व्हिडिओ दिसावा, म्हणून ती दिलेली असते. दुकानातला पोरगा ती हँडब्रेकपर्यंत नेतच नाही, तिथल्या तिथे गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडून ‘अर्थिंग’ करून टाकतो. बिचाऱ्या स्टिरिओला आयुष्यभर वाटत राहतं की गाडी उभीच आहे. पाच मिनिटांचं काम, म्हणून फुकट.

स्टिरिओ खुशाल घ्या, पण समोर उभं राहून ती वायर हँडब्रेकच्या स्विचपर्यंत न्यायला लावा. आणि मुलं मागे बसतात ना? मग डॅशबोर्डवरचा व्हिडिओ त्यांना दोन सीटच्या फटीतून दिसणार. समोरून, नीट, पूर्ण दिसणार तो तुम्हाला.

प्रश्न : मी कॉलेजला ॲक्टिव्हाने जाते. फोन स्कार्फमध्ये कानाशी खोचला की दोन्ही हात मोकळे राहतात. त्यापेक्षा हँडलवर होल्डर लावू का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

स्कार्फमधला फोन हा पुण्याचा शोध असावा असा मला दाट संशय आहे. तो घसरायला लागला की तुझी मान वाकडी होते, मग एक हात सुटतो, आणि नेमका तेव्हाच पुढे खड्डा येतो. वर हेल्मेट नीट बसत नाही ते वेगळंच.

होल्डर फक्त रस्ता बघायला, नोटिफिकेशन बंद करून. त्यातही इंजिनाच्या थरथरण्याने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. ॲपलने २०२१ मध्ये तशी सूचना स्वतःच दिली होती आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरसुद्धा कंप शोषणारा होल्डर लावा असं सांगितलं होतं. जिवाची भीती घालून या वयात कुणी ऐकत नाही हे मला माहीत आहे, म्हणून कॅमेऱ्याची घातली. खरं तर कर्वेनगरातून कॉलेजचा रस्ता तुला पाठ असणार. फोन डिकीत टाक.

प्रश्न : डॅशबोर्डवर गणपती, फोनचा होल्डर आणि डॅशकॅम, तिन्ही बसवायचे आहेत. कुठे काय लावावं?
— एक वाचक, औंध

डॅशकॅम आतल्या आरशाच्या मागे, डाव्या अंगाला, म्हणजे तुम्हाला तो दिसणारच नाही. त्याची स्क्रीन बंद ठेवा. त्याची वायर काचेच्या कडेच्या खांबातून खाली आणतात. तुमच्या गाडीला पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्या त्याच खांबातून उघडतात, तेव्हा वायर एअरबॅगच्या मागून घ्यायला सांगा, पुढून नाही. होल्डर एसीच्या जाळीवर, स्टिअरिंगच्या उंचीला. काचेच्या मध्यभागी चिकटवला तर पायी चालणारा माणूस त्याच्याआड लपतो.

गणपती डॅशबोर्डच्या मध्यभागी, छोटा आणि हलका. डावीकडे ‘एअरबॅग’ अशी अक्षरं कोरलेली असतात, त्या झाकणावर मात्र नको. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि झाकणावर जे काही असेल ते घेऊन थेट शेजारच्या सीटवर येते. पितळेची मूर्ती असेल तर देवघरात ठेवा आणि गाडीत फोटो लावा.