मामाचा आजार भाच्यात उतरतो का?

प्रश्न : मी २९ वर्षांची असून नागपुरात मानेवाडा परिसरात राहते. माझ्या मोठ्या भावाला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. औषधांनी तो आता बराच सावरला आहे. माझे लग्न ठरत आले आहे, पण मुलाकडच्यांना याविषयी काही सांगितलेले नाही. आईचे मामा ‘भ्रमिष्ट’ होते, म्हणून हा आजार आईच्या माहेरचा, असे काका चारचौघांत बोलतात आणि आई मुकाट्याने ऐकून घेते. मला किंवा माझ्या मुलांना हा आजार होईल का? लाळेवरून जनुकीय तपासणी करून देणारी किट मागवावी का?

उत्तर : आकड्यांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरात या विषयावर पुष्कळ बोलले गेलेले दिसते, पण आकडा कोणी सांगितलेला दिसत नाही. सर्वसाधारणपणे शंभरातील सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. सख्ख्या भावाला तो असेल, तर हे प्रमाण शंभरात सुमारे नऊपर्यंत जाते. वाढ मोठी आहे, पण उरलेल्या एक्क्याण्णव जणांना तो होत नाही. शिवाय हा आजार बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो. बायकांमध्ये तो काहीसा उशिरा दिसतो, म्हणून तुमची जोखीम संपली असे मी म्हणणार नाही, मात्र तिचा बराच भाग मागे पडला आहे. तुमच्या मुलांचा तो मामा, म्हणजे नाते आणखी एक पायरी दूर. अशा भाच्या-पुतण्यांमध्ये प्रमाण शंभरात दोन ते चार आढळते.

काकांच्या म्हणण्याकडे मात्र जरा सविस्तर पाहावे लागेल. हा आजार एखाद्या बिघडलेल्या जनुकामुळे होत असता, तर तो कोणत्या घराण्यातून आला हे बोट ठेवून सांगता आले असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात सुमारे ७७ हजार रुग्णांची जनुके तपासली गेली, तेव्हा या आजाराशी संबंध असलेल्या जनुकसंचातील २८७ जागा सापडल्या, जिथे माणसामाणसांत छोटे फरक असतात. त्यांपैकी प्रत्येकीचा प्रभाव अगदी किंचित असतो, आणि यातील बहुतेक फरक इतके सर्रास आढळतात की त्यांतले काही तुमच्यात, माझ्यात आणि काकांमध्येही असणारच. प्रत्येक मुलाला निम्मी जनुके आईकडून आणि निम्मी वडिलांकडून मिळतात आणि दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. तुमच्या भावाच्या हाती आलेल्या पत्त्यांत वडिलांकडचे किती, हे काकांना कसे कळले? आईच्या मामांशी त्याचा जनुकीय वाटा सरासरी आठवा हिस्सा आहे, आणि त्या काळी ‘भ्रमिष्ट’ हा शब्द दारूपासून फेफऱ्यापर्यंत कशालाही लावला जाई. हुबेहूब जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तरी एकाला हा आजार झाल्यावर दुसऱ्याला तो फार तर निम्म्या वेळा होतो. जन्माच्या वेळची गुंतागुंत, कोवळ्या वयातील गांजा आणि निव्वळ योगायोग यांचाही त्यात हात असतो. एवढे असूनही दोष एकट्या आईच्या माहेरावर ठेवणे हा मला शास्त्रापेक्षा जुन्या भाऊबंदकीचा प्रकार वाटतो.

किट मागवू नका. अशा तपासणीतून निघणारा जोखमीचा गुणांक ज्या अभ्यासांवर बेतलेला असतो, त्यांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत, त्यामुळे आपल्याकडे तो आणखी लंगडा पडतो. आणि तिथेही एखाद्या व्यक्तीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही. एक अपवाद आहे. बाविसाव्या गुणसूत्राचा छोटासा तुकडा जन्मतःच गहाळ असलेल्यांपैकी सुमारे पाव लोकांना असा आजार होतो. भावाला लहानपणापासून हृदयाचा दोष, टाळूतील फट किंवा शिकण्यात मोठी अडचण असेल, तर त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना तसे सांगा. गरज वाटल्यास ते त्याचीच नेमकी तपासणी सुचवतील. स्वतःविषयी बोलायचे तर नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात एकदा जाऊन या, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोला. झोप उडणे, अकारण संशय येणे, कानात आवाज येणे असे काही कधी जाणवलेच, तर वेळ न दवडता दाखवावे.

राहिला मुलाकडच्यांचा प्रश्न. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील मानसिक आजाराविषयीची अट वधू-वरांपुरती आहे, भावंडांना ती लागू नाही; तरीही लग्नापूर्वी सांगावे, असेच माझे मत आहे, कारण लपवलेली गोष्ट पुढे कोणा नातेवाइकाच्या तोंडून, बहुधा काकांच्याच, बाहेर येईल. आधी त्या मुलाला एकट्याला सांगा आणि वर दिलेले आकडेही त्याच्यापुढे ठेवा.

पण त्याआधी भावाला विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो मुख्यतः उपचार करणाऱ्यांना बांधतो हे खरे, पण आजार त्याचा आहे आणि तुमच्या पत्रात त्याला याविषयी काय वाटते याची एक ओळही नाही. तो ‘सांग’ म्हणाला, तर भेटीला त्यालाच सोबत न्या.