तेल कंपन्या एक होतात, मुलीच्या नोकरीचं काय?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पुण्यात एका परदेशी तेल कंपनीच्या कार्यालयात हिशेबाचं काम करते. नोकरीचं पाचवं वर्ष सुरू आहे, वाकडच्या फ्लॅटचं कर्ज तिच्याच नावावर आहे. तिची कंपनी दुसरी मोठी कंपनी घेणार, अशा बातम्या अधूनमधून येतात आणि तिची झोप उडते. या कंपन्या एकमेकींना विकत का घेतात? तिने आत्ताच दुसरी नोकरी धरावी का?
— एक निवृत्त शिक्षक, बिबवेवाडी

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या वडिलांचा सातारा रस्त्यावर पेट्रोल पंप होता. 1974 मध्ये सरकारने एस्सो ही परदेशी तेल कंपनी ताब्यात घेतली, तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. आमच्या पंपावरची एस्सोची पाटी उतरली त्या दिवशी वडील जेवले नाहीत. मी नऊ वर्षांची होते. पुढे त्याच पंपावर आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं झाली. त्यामुळे तुमच्या घरातली काळजी मला परकी नाही.

आधी ‘का’ ते सांगते. तेल कंपनीची खरी मालमत्ता जमिनीखाली असते आणि रोजच्या उपशाने ती कमी होत जाते. नवा साठा शोधायला वर्षं लागतात, विहीर कोरडी निघाली तर पैसा बुडतो. त्यापेक्षा ज्याच्याकडे साठा आहे त्यालाच घेणं सोपं पडतं. एक्सॉनमोबिल या अमेरिकी कंपनीने 2024 मध्ये पायोनियर ही तिथलीच तेल कंपनी घेतली ती यासाठीच. सौदा सुमारे 60 अब्ज डॉलरचा होता आणि तो रोखीने नाही, शेअर देऊन झाला. टेक्सासच्या पर्मियन भागात दोघींच्या जमिनी लागून होत्या. तिथे विहीर आधी खाली आणि मग आडवी, काही मैल खणत नेतात. मधला बांध गेला की एकच लांब विहीर दोन्हीकडचं तेल काढते आणि खर्च वाचतो.

दुसरं कारण मात्र तुमच्या मुलीच्या टेबलापर्यंत येतं. विहिरी दोन्ही कंपन्यांच्या लागतात, पण हिशेब, खरेदी आणि संगणक विभाग दोन-दोन लागत नाहीत. एक्सॉन आणि मोबिल 1999 मध्ये एक झाल्या. घोषणेच्या वेळी सुमारे 9,000 नोकऱ्या जातील असं सांगितलं होतं. वर्षभरात तोच आकडा 16,000 च्या आसपास गेला. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण खोटा धीर मी देणार नाही.

तरीही बातमी म्हणजे सौदा नव्हे. शेल बीपीला घेणार अशी बातमी जून 2025 मध्ये आली आणि शेलने लगेच जाहीर केलं की आमचा असा इरादा नाही. शेव्हरॉनने हेस घेण्याची घोषणा ऑक्टोबर 2023 मध्ये केली. गयानाच्या समुद्रातल्या तेलसाठ्यातल्या हेसच्या हिश्शावर एक्सॉनने हक्क सांगितला, प्रकरण लवादाकडे गेलं आणि सौदा पुरा व्हायला जुलै 2025 उजाडला. साखरपुड्यानंतर तब्बल 21 महिने! आपल्याकडे ओएनजीसीने 2018 मध्ये सरकारकडून हिंदुस्तान पेट्रोलियमचा 51.11 टक्के हिस्सा 36,915 कोटी रुपयांना घेतला. वडिलांच्या पंपावर आता भाऊ बसतो, तिथली हिंदुस्तान पेट्रोलियमची पाटी आजही तीच आहे.

आता मुलीबद्दल. घाबरून राजीनामा देऊ नका. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग 5 वर्षं लागतात आणि ती त्या उंबरठ्यावर आहे. परदेशात मालक बदलला तरी इथे नोंदलेली कंपनी बहुतेकदा तीच राहते. तिचं नियुक्तिपत्र चालू राहतं, सेवा खंडित होत नाही. ते पत्र काढून कोणत्या कंपनीचं नाव आहे आणि नोटिशीची मुदत किती आहे, हे आजच बघा.

दुसरं, ती नेमकं काय करते? नुसती बिलं तपासत असेल तर तेच काम घेणाऱ्या कंपनीच्या कार्यालयातही कोणीतरी करत असतं. भागीदारीतल्या विहिरींचे हिशेब किंवा करांचं काम शिकून घेतलं तर तिच्या जागी दुसरं कोणी सहज बसवता येणार नाही. अर्ज शांतपणे करत राहावेत, पण हातात लेखी पत्र येईपर्यंत इथली नोकरी सोडू नये.

आणि कर्जाचे सहा हप्ते वेगळ्या खात्यात टाका. तुमच्या पेन्शनमधून थोडी भर घालता आली तर घाला. ती नको म्हणेल, तरी घाला.